रियाजाची वर्षं कोणी पोसायची?

कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांमध्ये एखादं पोर अंगापिंडानं चांगलं निघालं, की त्याच्या खुराकाची काळजी एकट्या आईबापाची राहत नाही. कोणी दुधाचा रतीब लावतं, कोणी जत्रेच्या वर्गणीतून बदाम-तुपाची सोय बघतं. कोल्हापूरच्या तालमीत ठेवायचं ठरलं तर गावातले चार जाणते वस्तादांना जाऊन भेटतात. ते पोर पुढे मैदान मारील की नाही, हे तेव्हा कोणालाच माहीत नसतं. मोठ्या जोडीशी निकाली कुस्ती धरायला वर्षं जायची असतात. मधेच गुडघा दुखावेल, पोराचं मनही उडेल. तरी गाव खुराक देतं, कारण अंग आधी कमवावं लागतं आणि बक्षीस नंतर येतं हे कुस्तीच्या गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान १९१२ साली उभं केलं, तालमींना आधार दिला. श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले १९५९ साली, तेव्हा संस्थानं कधीच विलीन झालेली होती. महाराजांच्या मागे तालमी जगल्या, त्यात गावोगावच्या लोकांचा वाटा मोठा आहे.

गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या, नाटक करणाऱ्या पोराला असा खुराक कोण लावतं? या पुस्तकातले सगळे लेख या एका प्रश्नापाशी येतात. ज्या गावांत, तालुक्यांत, उपनगरांत काही माणसं एकत्र येऊन आपल्या भागातल्या तरुण कलावंतांसाठी निधी उभारू पाहतात, शिकवण्याची सोय करू पाहतात, त्यांच्यासाठी ते लिहिले आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तरुण कलावंतासाठी लोकांनी पैसा उभा करायचा तर तो त्याच्या वेळेसाठी करावा. कार्यक्रमाला, बक्षिसाला, सत्काराला पैसे काढायची आपल्याला सवय आहे. अठराव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंतची जी वर्षं कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतात, त्यांच्यासाठी पैसे काढायची सवय आपण गमावली आहे. आणि गळा, हात, पाय, बोलणं, सगळं तयार होतं ते त्याच वर्षांत.

ती वर्षं कशी जातात ते जवळून बघायला हवं. गडहिंग्लजची किंवा परळीची एखादी मुलगी ख्याल शिकायला पुण्याला येते. कॉट बेसिसवर जागा, मेस, गुरूंची फी, बसभाडं हे झालंच. तानपुरा मोबाइलवर वाजतो, तेवढ्यावर ती भागवते. पण लयीत पक्कं व्हायचं तर समोर तबला लागतो, आणि तबलजी रोज फुकट कसा येईल? त्यालाही खोलीचं भाडं भरायचंच असतं. मग सकाळी रियाजाची वेळ असते तेव्हा ती नोकरीवर असते, संध्याकाळी लहान मुलांच्या शिकवण्या घेते, रात्री आवाज बसलेला असतो. नाटकवाल्यांचं दुखणं निराळं. कॉलेजात असेपर्यंत हॉल मिळतो, दिवे मिळतात, एकांकिकेचा खर्च कॉलेज करतं. पदवी हातात पडली की तालमीची जागा तासावर भाड्यानं घ्यावी लागते. पुढच्या वर्षी त्या गटातले दोघं मालिकेच्या सेटवर, एक बँकेत आणि बाकीचे आपापल्या गावी असतात. नाचणाऱ्यांना लाकडी किंवा निदान बरी जमीन लागते. फरशीवर वर्षानुवर्षं पाय आपटले तर गुडघे जातात. यातल्या कोणाच्याही अंगच्या गुणांवर शंका घ्यावी असं काही नसतं. महिन्याचा हिशेब जुळत नाही म्हणून ती मुलं थांबतात, आणि थांबलेल्यांची नोंद कुठेच होत नाही.

ही वर्षं पोसायची रीत आपल्याकडे नव्हती, असं मात्र नाही. गरीब विद्यार्थी गावात वार लावून जेवायचा. आठवड्याचे सात वार, सात घरं. एका घरावर भार नाही, पोरगा उपाशी नाही. जिथे वार लागत नसे तिथे माधुकरी होती. वेदपाठशाळेतली मुलं या सोयीवर शिकली तशी गाणं शिकायला घर सोडलेली मुलंही शिकली. मिरजेजवळच्या बेडगचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर विद्येसाठी वणवण करत ग्वाल्हेरपर्यंत गेले, वासुदेवबुवा जोशींकडून ख्यालगायकी घेऊन आले आणि तिची बैठक महाराष्ट्रात घातली. त्या काळात गुरूच्या घरची कामं आणि लोकांच्या घरचं अन्न या दोन आधारांवर शिक्षण चालत असे. हाल होतेच, त्यांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण शिकणाऱ्याचं पोट ही सगळ्या गावाची जबाबदारी आहे, ही जाणीव त्यात होती.

बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी हीच जाणीव नव्या काळात आणली, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबतो. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या या मुलाची दृष्टी लहानपणी शोभेच्या दारूनं अधू झाली. मिरज संस्थानच्या आश्रयानं तो गाणं शिकला. मिरजेत आपल्याला समारंभाचं आमंत्रण येतं आणि गवई म्हणून आपल्या गुरूंना येत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली, गावोगाव फिरले, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. राजाच्या खजिन्यावर न चालता फी, देणग्या आणि मैफलींचं उत्पन्न यांवर चालणारी ही संगीतशाळा. तिथे फी भरून शिकणारे होतेच. त्यांच्याशिवाय संस्थेतच राहून, जेवून-खाऊन वर्षानुवर्षं शिकणाऱ्यांचा एक वर्ग बुवांनी चालवला. या विद्यार्थ्यांकडून ते करार लिहून घेत. शिक्षण पुरं झालं की त्यांनी गावोगाव जाऊन शिकवायचं, अशी योजना होती. १९०८ साली शाळा मुंबईत आली, पुढे कर्ज काढून मोठी इमारत बांधली, कर्ज फिटलं नाही, इमारतीचा लिलाव झाला. हा शेवट सांगून लोक हळहळतात. मला त्यातली दुसरी बाजू मोठी वाटते. लिलावात इमारत गेली, पण त्या घरात ज्यांच्या अन्नावर आणि शिक्षणावर पैसा खर्च झाला होता त्यांत ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर होते. पुढची पन्नास वर्षं हिंदुस्थानी संगीताच्या शिक्षणावर या माणसांची छाया आहे.

राजाश्रयाकडून लोकांच्या पैशाकडे हा प्रवास नाटकानं त्याआधीच केला होता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली पहिला खेळ केला. १८५१ साली चिंतामणराव गेले, आश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. तिथून पुढे सत्तर-ऐंशी वर्षं नाटक कंपनी हीच नटाची शाळा राहिली. कंपनीचं बिऱ्हाड असे, पंगत असे, तालीम मास्तर असे, गाणं शिकवायला गवई असे. आठ-दहा वर्षांचा मुलगा कंपनीत आला की त्याचं खाणं, कपडालत्ता, शिक्षण सगळं कंपनीवर. केशवराव भोसले असेच लहानपणी कंपनीत आले आणि १९०८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळीला स्वतःची ललितकलादर्श काढली. लहान मुलांकडून कंपन्यांनी काय काय करून घेतलं याची दुसरी बाजूही आहे आणि ती काळी आहे. परंतु तिकिटाचा पैसा शिकणाऱ्याच्या ताटापर्यंत पोचायची वाट कंपनीत होती. बोलपटानं कंपन्या बसल्या, तेव्हा आपण पडद्याबद्दल बोललो, पण मोडलेल्या शाळेबद्दल फारसं बोललो नाही.

केशवरावांचं नाव निघालं म्हणून आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या प्रयोगाचं उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेलं. मराठी कलावंतांनी शाळेसाठी, दुष्काळासाठी, पूरग्रस्तांसाठी, देशासाठी मदतीचे प्रयोग किती केले याची गणती नाही. समाजानं हात पुढे केला की कलावंत प्रयोग लावतो, ही आपली घट्ट परंपरा आहे. उलट्या दिशेनं येणारा पैसा बहुतेक वेळा फार उशिरा येतो: म्हातारपणी, आजारपणी किंवा मरणानंतर. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आणि अखेरच्या आजारात त्यांच्या खर्चासाठी लोकांना मदत गोळा करावी लागली. सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन आहे, ते असलंच पाहिजे. पण ते पन्नाशीनंतर सुरू होतं, आणि विसाव्या वर्षी ज्याची कला सुटली तो त्या अर्जापर्यंत पोचतच नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा सगळं शहर रस्त्यावर येऊन रडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. वास्तू पुन्हा उभी राहावी म्हणून कलावंत आणि रसिक पुढे आले, आणि ते योग्यच झालं. या शहराला नाट्यगृहाची किंमत कळते. त्या रंगमंचावर दहा वर्षांनी जे उभे राहतील, ते आत्ता कुठे राहतात, काय खातात, कोणाकडे शिकतात, याची चौकशीही त्याच मायेनं व्हावी एवढीच माझी मागणी आहे.

लोकांच्या पैशावर कलावंत घडवायची एक जिवंत व्यवस्था आजही महाराष्ट्रात आहे, आणि नागर रसिकांचं तिच्याकडे लक्ष नसतं. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, फी नाही, मुलांनी माधुकरी मागून जेवायचं. ज्ञानेश्वरी, गाथा, पाठांतर, चाली, कीर्तनाची मांडणी. त्या एका संस्थेमागून आळंदीत अशा कित्येक लहानमोठ्या शाळा उभ्या राहिल्या. आज मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा तिथे पखवाज शिकतो, हार्मोनिअम शिकतो, हजार माणसांपुढे न अडखळता बोलायला शिकतो. शिकून बाहेर पडला की त्याला उभं राहायला जागा तयार असते, कारण गावोगाव हरिनाम सप्ताह चालतात. सप्ताहाची वर्गणी घरटी होते, सात दिवस पंगती उठतात, रोज एक कीर्तनकार येतो, मृदंगाचार्य येतो, टाळकरी उभे राहतात. कीर्तनाकडे मी इथे प्रयोगकला म्हणून पाहतो आहे, वारकऱ्यांना हा शब्द अपुरा वाटेल हे मला समजतं. पण व्यवस्था म्हणून बघा: शिकायची सोय लोकांनी केली, शिकताना पोट लोकांनी भरलं, शिकल्यावर व्यासपीठ आणि बिदागी लोकांनीच दिली. ख्यालगायकीला किंवा प्रायोगिक नाटकाला हे तिन्ही एकत्र आज कुठेच मिळत नाही. खेड्यातल्या मुलानं गाणं सोडलं नाही असं जेव्हा दिसतं, तेव्हा त्यामागे पुष्कळदा हा सप्ताह असतो.

या जुन्या व्यवस्था जशाच्या तशा उचलून आणाव्यात असं मी म्हणत नाही, कारण त्यांचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. वार लागत असे तो बहुतेक करून ब्राह्मणाच्या मुलाला. मुलींना तर तो नव्हताच. गोमंतकातल्या देवळांशी बांधलेल्या कलावंत समाजातून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर आल्या. दोघींनी अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळवली, आणि ती मिळवायला व टिकवायला त्यांना जे सोसावं लागलं ते त्यांच्या बरोबरीच्या पुरुष गायकांना सोसावं लागलं नाही. मोगूबाई लहान वयात आई गेल्यावर नाटक कंपन्यांत राहून शिकल्या. केसरबाईंच्या तालमीच्या मोठ्या खर्चाला धनिकाचा आश्रय लागला. गाव, समाज, वर्गणी यांतलं काही त्यांच्यामागे उभं नव्हतं. आळंदीची वाटही मुलींसाठी फार उशिरा आणि फार अरुंद उघडली. लोकनिधी उभारणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हे लक्षात ठेवायला हवं. नुसतं ‘सर्वांसाठी खुलं’ असं जाहीर केलं, तर अर्ज त्यांचेच येतात ज्यांच्या घरात अर्ज लिहिणारं कोणी आहे.

तमाशातल्या मुलामुलींची स्थिती याहून कठीण. हंगामाच्या आधी कलावंत फडमालकाकडून उचल घेतात. ती उचल घरच्या लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात जाते, आणि हंगामभर नाचून-गाऊन फेडायची असते. फडमालकही सावकाराचं कर्ज काढून फड उभा करतो. नारायणगावच्या राहुट्यांत बसून गावपुढारी जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात, त्या आकड्यावर सगळ्यांचं वर्ष ठरतं. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी जत्राच भरल्या नाहीत, तेव्हा ही साखळी किती कच्ची आहे ते उघडं पडलं. म्हणजे या क्षेत्रात सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या हाती पडणारा पहिला मोठा पैसा हा कर्जाचा असतो. तिला ढोलकीचा बोल, अदा, बैठकीची लावणी नीट शिकायला दोन वर्षं मोकळी मिळाली असती तर? असा विचार करायला कोणाला फुरसत नसते, कारण पुढच्या गावची सुपारी आलेली असते. लोकनिधीनं शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्यांपुरतं पाहिलं, तर ज्यांना सगळ्यांत जास्त गरज आहे ते बाहेरच राहतील.

आज तरुणांसाठी काहीच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. राज्याची हौशी नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून. या दोन स्पर्धांनी मराठी रंगभूमीला दिलेली माणसं मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. केंद्र सरकार १८ ते २५ वयाच्या कलावंतांना दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये शिष्यवृत्ती देतं. ती सहामाही हप्त्यांनी येते. भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. स्पर्धेबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. स्पर्धा पन्नास मिनिटांची तयारी करून घेते, आणि मुलं त्या पन्नास मिनिटांच्या मापानं विचार करू लागतात. संगीतातही तेच. दहा मिनिटांत टाळी घ्यायची सवय लागलेल्या गळ्याला विलंबित लयीत स्वरावर थांबणं अवघड जातं. स्पर्धा बंद कराव्यात असं कोणी म्हणणार नाही, मी तर नाहीच. पण करंडक घेऊन आलेल्या मुलांना पुढची तीन वर्षं कोणी हात देत नाही, हे खरं आहे.

ज्यांनी हे ओळखलं त्यांचे प्रयोगही समोर आहेत. मुंबईत छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं जे चालवलं, त्याचं मर्म जागेत होतं. परवडणारी जागा मिळाली आणि एक चळवळ उभी राहिली. पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं १९८० च्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं नव्या नाटककारांची आणि पुण्या-मुंबईबाहेरच्या नाट्यगटांची बांधणी हाती घेतली. तो पैसा एका प्रयोगावर उधळला नाही, गट तयार होण्यावर लावला. पुण्यात साहित्य रंगभूमी प्रतिष्ठान तरुण रंगकर्मींना विनोद दोशी फेलोशिप देतं. कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमी १९७७ पासून गुरू आणि शिष्य दोघांनाही एकाच आवारात राहायला जागा देते, शिष्याला विद्यावेतन मिळतं. आपले उल्हास कशाळकर तिथे वर्षानुवर्षं शिकवत होते, आणि आजच्या कितीतरी चांगल्या गायकांची तालीम त्या आवारात झाली. तिच्यामागे एका मोठ्या कंपनीचा पैसा आहे. तालुक्याला तेवढा पैसा मिळणार नाही, पण गुरू आणि शिष्य दोघांच्याही घरखर्चाची चिंता एकाच वेळी मिटवायची, ही त्यांची पद्धत कुठेही वापरता येते.

गुरूच्या घरखर्चाचा मुद्दा मुद्दाम काढला. आपल्याकडे विद्यादान म्हणजे फुकट शिकवणं असं धरून चाललं जातं. तालुक्याच्या गावी राहणारा चांगला तबलावादक दिवसभर शिकवण्या करतो. त्यातला एक गुणी मुलगा त्याच्याकडून रोज दोन तास घेणार असेल, तर ते दोन तास त्याला उत्पन्न सोडून द्यावे लागतात. निधीनं ते उत्पन्न भरून दिलं पाहिजे, मानधन म्हणून, वेळेवर. मोठ्या नावाच्या कलावंताला वर्षातून एकदा बोलावून दोन दिवसांची कार्यशाळा घेण्यापेक्षा गावातल्याच जाणत्या शिक्षकाला वर्षभर मोकळं करणं जास्त उपयोगी पडतं, असं मला अनेक ठिकाणी दिसलं आहे. कार्यशाळेचे फोटो छान येतात. लयीचा पाया मात्र त्या शिक्षकापाशी तयार होतो.

संगतकारांकडेही असंच दुर्लक्ष होतं. निधी उभा राहिला की गायक शोधले जातात, नट शोधले जातात. हार्मोनिअमवर साथ करणारा, पखवाज वाजवणारा, संबळवाला, प्रकाशयोजना शिकणारी मुलगी, पेटी दुरुस्त करणारा यांच्यासाठी कोणी अर्ज छापत नाही. मिरजेची तंतुवाद्यं देशभर जातात. तिथल्या कारागिरांची तरुण मुलं हा धंदा पुढे चालवतील का, हाही याच विषयाचा भाग आहे. दोन गायिका आणि एक तबलजी यांना निधीनं एकत्र मदत केली, तर तिघांचा रियाज होतो आणि संगतीचा वेगळा खर्च वाचतो. हे साधं गणित फार थोड्या ठिकाणी केलं जातं.

पैशाचं गणितही वाटतं तेवढं भयंकर नाही. २०० घरांनी महिन्याला १०० रुपये दिले तर २०,००० रुपये होतात. दोन विद्यार्थ्यांना दरमहा ६,००० प्रमाणे १२,०००, शिक्षकाच्या मानधनाला ४,०००, संगत, जागा आणि प्रवास यांना ४,०००. लहान तालुक्याला एवढं झेपतं. त्याच तालुक्यात गणपतीची, सप्ताहाची, जत्रेची वर्गणी याहून कितीतरी जास्त होते. बायकांच्या भिशीत दर महिन्याला जो काटेकोरपणा असतो तो इथे आणता आला, तर कोणत्याही मोठ्या देणगीदाराची वाट बघायला नको. मोठी देणगी मिळाली तर घ्यावी. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृतीचा समावेश आहे, तिथून मदत येऊ शकते. पण एका देणगीदारावर उभा असलेला निधी त्याची मर्जी फिरली की बसतो, आणि मधे अडकलेल्या मुलांचं वर्ष जातं. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवणं, स्वतंत्र बँक खातं, दर सहा महिन्यांनी हिशेब लोकांपुढे मांडणं ही कामं कंटाळवाणी आहेत. ती झाली नाहीत तर तिसऱ्या वर्षी वर्गणी येत नाही.

देणाऱ्याच्या हातातल्या सत्तेबद्दल या पुस्तकात एक वेगळा लेख आहे. तो पहिल्यांदा वाचावा, अशी माझी विनंती आहे. ज्याला मदत केली त्यानं देणाऱ्याच्या नातवाच्या मुंजीत गायचं, निवडणुकीच्या सभेआधी दोन गाणी म्हणायची, समितीच्या अध्यक्षांना दर भाषणात धन्यवाद द्यायचे, असं होऊ लागलं की जुना राजाश्रय परत आला असं समजावं. पलुस्कर ज्यातून बाहेर पडले, त्यातच आपण मुलांना पुन्हा ढकलू. ते टाळायचं तर पैसे संस्थेच्या खात्यातून जावेत, देणाऱ्यांची नावं एकत्र छापावीत, आणि कोणी किती दिले ते विद्यार्थ्याला कळू नये.

गुरूची सत्ता याहून नाजूक. गुरु-शिष्य नात्यानं आपल्याला थोर कलावंत दिले, आणि त्याच नात्याच्या आडोशानं मुलींवर, मुलांवरही अन्याय झाले. जो विद्यार्थी गुरूच्या घरी राहतो, त्याच्याच शिफारशीवर पैसे मिळवतो आणि त्याच्याच ओळखीनं मंचावर जातो, त्याला तोंड उघडायला जागाच राहत नाही. म्हणून विद्यार्थ्याचे पैसे थेट त्याच्या खात्यात जावेत, राहायची जागा शक्य तिथे वेगळी असावी, गुरू बदलला तरी मदत चालू राहावी, आणि तक्रार ऐकायला समितीबाहेरची एक बाई नेमलेली असावी जिचा नंबर प्रत्येक विद्यार्थ्याकडे आहे. यावर काही ज्येष्ठ मंडळी दुखावतात. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही मी या अटीवर ठाम आहे.

शिकवण्यात कलेबरोबर बाकीचं किती घ्यावं, याबद्दल या पुस्तकातल्या लेखकांमध्ये मतभेद आहेत आणि ते तसेच ठेवले आहेत. माझ्या मते करारपत्र वाचायला, बिल करायला, आपल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे जातात ते विचारायला आणि आवाज बसला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे कधी जायचं हे ओळखायला प्रत्येक मुलाला शिकवलं पाहिजे. प्रसिद्धी कशी करावी याचे वर्ग मात्र पहिल्या दोन वर्षांत घेऊ नयेत. पहिल्या दोन वर्षांत मुलाला कोणाला काही दाखवायची घाई नसावी, वर्षअखेरी वर्गणीदारांसमोर एक घरगुती बैठक पुरे.

आणि जे सोडून जातील त्यांचं काय? हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो, बहुधा सगळ्यांत मोठ्या आवाजात. तीन वर्षं मदत घेतली आणि मुलगा तलाठी झाला, तर पैसे परत मागावेत का? मागू नयेत. तलाठी झालेला तो माणूस उद्या गावातली मैफल पहिल्या रांगेत बसून ऐकेल, आपल्या मुलीला पेटी शिकवेल, कदाचित निधीचा हिशेबही सांभाळेल. शेवटच्या भागात कराराचा जो नमुना दिला आहे, त्यात परतफेडीचं कलम नाही ते याच कारणानं. त्याऐवजी एक अट आहे: मदतीची मुदत संपल्यावर विद्यार्थ्यानं एका वर्षात आपल्या गावच्या किंवा शेजारच्या शाळेत ठरावीक तास शिकवावं. किती तास ते रिकामं ठेवलं आहे. शेतीच्या हंगामाचा, परीक्षांचा आणि जत्रांचा विचार करून प्रत्येक समितीनं तो आकडा स्वतः भरावा, आणि भरण्याआधी विद्यार्थ्याला विचारावं.